जुन्या २८ इंची काळ्या सायकलीला ७००-सीची चाकं आणि शॉकअपचा चिमटा बसेल का?

नाही. चाकं फिरतील, पण ब्रेक लागणार नाही, आणि ज्याला ब्रेक लागत नाही त्या चाकाला मी बसलं असं म्हणत नाही. चिमट्याचं, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाचं, पुढे लिहिते.

तुम्ही लिहिलंय की सायकल आजोबांची आहे, सळईचे ब्रेक आहेत (केबलऐवजी लोखंडी सळयांनी ओढले जाणारे) आणि दुकानदार म्हणतो, "७००-सी म्हणजे २८च, काही फरक पडत नाही." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, मधे आडवी रेघ. तुमच्या टायरवर बहुतेक ४०-६३५ असेल. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर जुनं असेल तर हे आकडे नसतीलही, नुसतं २८ × १½ लिहिलेलं असेल. दुकानात त्याला अठ्ठावीस-दीड म्हणतात, आणि ते ६३५च. ७००-सीचा हा दुसरा आकडा ६२२. मग दोन्हींना २८ का म्हणतात? कारण इंचाचा आकडा टायरसकट बाहेरच्या व्यासाचा आहे. ६३५ला दोन्हीकडून ४०-४० जोडले की ७१५ मिलिमीटर होतात, म्हणजे साधारण २८ इंच. ६२२ वर जाड टायर चढवलं की ७००च्या आसपास जातं, तेही २८ म्हणून खपतं. माउंटन सायकलचं २९ इंची चाक म्हणतात ना, त्याची रिमसुद्धा ६२२चीच, फक्त टायर आणखी जाड. इंचावर विश्वास ठेवू नका. दुसरा आकडा वाचा.

आमच्या बाबांचं साताऱ्यात राजवाड्याजवळ सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली देणं आणि दुरुस्ती, दोन्ही. टायर भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असायचे आणि २६ इंचीचे खिळे वेगवेगळे होते. २६ × १½ एका खिळ्याला, २६ × १-३/८ दुसऱ्याला, आणि पुढे जाड टायरच्या सायकली आल्यावर २६ × १.९५ तिसऱ्याला. तिन्ही २६. आतले व्यास ५८४, ५९० आणि ५५९. नवीन पोरगा कामाला लागला की पहिली चूक इथंच करायचा. ५८४ची टायर ५९०च्या रिमवर चढतच नाही, टायर लिव्हर वाकतात, पण ती चूक निदान लगेच कळते. उलटं केलं तर टायर हातानंच चढते, पोरगा खूश होतो, आणि हवा भरली की एका बाजूनं कड बाहेर येऊन ट्यूब फुटते. बाबा चाक हातात घेऊन गोल फिरवायचे आणि रिमच्या कडेशी टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारखी दिसते का ते अंगठा लावून बघायचे. हे मी शाळेत असताना शिकले. आऱ्या भरायला आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायलाही तिथंच शिकले. दादा दुकानात फारसा बसला नाही, त्याला गिऱ्हाईकांशी बोलायचा कंटाळा.

बाबा गेल्यावर त्यांची स्वतःची काळी सायकल दादा पुण्याला घेऊन गेला. त्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे हलक्या सायकली, त्यामुळे ही "अपग्रेड" करायची ठरली. एका मोठ्या दुकानात दिली. परत आली तेव्हा चकाचक अलॉय रिमा होत्या, ७००-सी, २८ रुंदीचे टायर. सळईचे ब्रेक काढून भंगारात टाकलेले. ते का काढावे लागले हे समजून घ्या, कारण तुमच्याही सायकलीचा प्रश्न हाच आहे. सळईच्या ब्रेकचे रबर रिमला बाजूनं चिमटीत धरत नाहीत. ते रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी, हबकडून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडून, बाहेरच्या दिशेनं ओढले जाऊन टेकतात. त्यासाठी जुन्या रिमला मधे खोलगट पन्हळ आणि दोन्ही काठांना सपाट पट्टी असते. अलॉय रिम आतून निमुळती. तिथं रबर टेकायला जागाच नाही. म्हणून दुकानवाल्यांनी केबलचे लांब हातांचे कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला बाजूंनी चिमटीत धरणारे, लावले. पण जुन्या चिमट्यात मडगार्डसाठी वर भरपूर मोकळी जागा सोडलेली असते, आणि त्यात ६२२ची रिम मूळ रिमपेक्षा साडेसहा मिलिमीटर आत जाते. कॅलिपरचे रबर खाचेत अगदी तळाला सरकवले तरी रिमपर्यंत पुरेनात. अर्धा रबर रिमवर, अर्धा टायरवर.

सायकल साताऱ्याला आली तेव्हा मी अंगणातच उकिडवी बसून बघितली. टायरच्या दोन्ही अंगांना बोटभर खाली गोल पट्टा घासला गेला होता, नवं रबर आणि तिथं मळकट करडं, एका जागी आतले धागे दिसायला लागलेले. चिमट्याच्या खालच्या खाचा कानशीनं घासून रुंद केलेल्या, कारण नव्या हबचा दांडा जुन्यापेक्षा जाड. हब रुंदीलाही जास्त, म्हणून चिमटा ओढून फाकवलेला. कानशीचे ओरखडे तसेच, वर रंगाचा हातही नाही. मी दादाला म्हटलं, ही घाटात नेऊ नकोस. तो म्हणाला, "थोडं घासतंय, रबर झिजलं की बसेल. एवढं मोठं दुकान आहे, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?" वहिनीसमोर, माझ्या मुलांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यवतेश्वरला गेला. उतरताना वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचं टायर फुटलं. वेग कमी होता म्हणून कोपर आणि गुडघ्यावर निभावलं. समोरून जीप आली असती तर मी आज हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. दादा आजही म्हणतो खिळा लागला. खिळा जमिनीवर असतो, दादा. तो टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात घुसतो. तुझं टायर कडेला, रबराच्या उंचीवर, त्या घासलेल्या पट्ट्यातच बोटभर लांब उसवलं होतं, आणि तो पट्टा टायरभर गोल होता. खिळा चाकाभोवती गोल फिरत नाही.

मग मी ती सायकल ठेवून घेतली. चिमटा जुन्या मापाचाच दुसरा मिळवला, कारण घासलेल्या खाचांवर माझा भरवसा नव्हता. मागचा मूळ हब दादानं सुदैवानं फेकला नव्हता. जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्या असतात, वजन मागे पडतं म्हणून. ६३५च्या नव्या लोखंडी रिमा आजही मिळतात, दूधवाले आणि शेतकरी अजून याच सायकली चालवतात, त्यामुळे टायर-ट्यूबची ददात नाही आणि किंमतही अलॉयच्या मानानं किरकोळ. सळया आणि त्यांचे कोपरे एका बंद पडत आलेल्या दुकानातून जमवले. चाकं मी स्वतः विणली. आऊट काढताना चिमट्याला खडू धरून चाक फिरवायचं, जिथं खडू लागतो तिथली समोरच्या बाजूची आरी पाव फेरा आवळायची, परत फिरवायचं. हे काम घाईनं होत नाही. सायकल आज रोज बाजारात जाते, आणि पावसात ब्रेक कमी लागतो हे खरं आहे, लोखंडी रिमेचा तो दोष आहेच. तेव्हा हळू चालवायचं.

आता तुमचं. ६३५ काढून ६२२ घातली आणि टायरही ४० वरून २८ वर आणलं, तर चाकाची त्रिज्या साडेअठरा मिलिमीटरनं कमी होते. तेवढी सगळी सायकल खाली बसते. वळताना पायडल मारत राहिलात तर ते रस्त्याला टेकायची शक्यता वाढते, आणि गतिरोधकावर चेनचं चाकही. चाकाच्या एका फेऱ्यात अंतरही अकरा-बारा सेंटिमीटर कमी कापलं जातं. जाड टायर घालून यातलं बरंचसं भरून काढता येईल, पण ब्रेकचा साडेसहा मिलिमीटरचा प्रश्न टायरनं सुटत नाही, कारण ब्रेक रिमला लागतो.

शॉकअपच्या चिमट्याचा नाद सोडा. पहिली गोष्ट, तो आत जाणारच नाही. जुन्या चिमट्याची वरची नळी एक इंची असते, आजच्या शॉकअपची एक सूत जाड, १-१/८ इंच. कुणी "डोक्याची नळी बोअर करून देतो", म्हणजे फ्रेमची चिमटा बसायची नळी आतून कोरून मोठी करतो, म्हणालं तर सायकल घेऊन तिथून निघा. दुसरी गोष्ट, चाकाच्या दांड्यापासून चिमट्याच्या डोक्यापर्यंतची उंची. फ्रेम त्या उंचीसाठी बनवलेली असते. उंच चिमटा लावला की पुढचं तोंड वर उचलतं, हँडलचा कोन मागे झुकतो. ढोबळ हिशोब असा की दोन सेंटिमीटरला साधारण एक अंश. तुमच्या सायकलीचा कोन आधीच बराच झुकलेला आहे आणि त्याला तोलायला चिमटा पुढे चांगला वाकवलेला आहे. त्या दोघांची जोडी आहे, म्हणून ती सायकल खडबडीत रस्त्यावर कॅरिअरला पोतं बांधूनसुद्धा सरळ जाते. त्यातला एक बदललात की कमी वेगात हँडल एका बाजूला पडायला लागतं.

दुसरी कुठली सायकल असती तरी मी हेच क्रमानं बघायला सांगितलं असतं: आधी ब्रेकचा रबर रिमच्या नेमका मध्यावर येतो का, मग चिमट्यात आणि मागच्या दोन नळ्यांमध्ये टायरच्या बाजूला आणि वर निदान ६ मिलिमीटर मोकळं राहतं का (आपल्याकडच्या चिखलात याहून जास्तच हवं), मग हबची रुंदी आणि दांड्याची जाडी. चाक आत जातं का हे सगळ्यात शेवटी. ब्रेक बघायच्या आधी जो "बसतंय की" म्हणतो त्याच्या हातात सायकल देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

डिस्क ब्रेकच्या सायकलींना मात्र वरचं ब्रेकचं बोलणं लागू नाही, हे सांगायला हवं. तिथं ब्रेक हबपाशी असतो, त्यामुळे फ्रेममध्ये जागा असेल आणि बाहेरचा व्यास जुळत असेल तर रिम बदलता येते. उदाहरणार्थ ६२२ वर २८चं टायर आणि ५८४ वर ४७चं टायर, दोन्हींचा बाहेरचा व्यास ६७८च येतो. म्हणून काही लोक एकाच सायकलीला चाकांच्या दोन जोड्या ठेवतात, आणि ते बरोबर आहे. आणि तुमच्या टायरवर ६३५ऐवजी ६२२ निघालं, तर कुणीतरी आधीच रिमा बदलल्या आहेत असं समजा आणि आज ब्रेक कुठे टेकतोय ते आधी बघा.

गिअरचं थोडक्यात: मागची जागा एकेरी चेनचाकापुरती अरुंद आहे, सात-आठ चकत्यांचा हब घालायचा तर फ्रेम फाकवावी लागेल, आणि ती मी फाकवणार नाही. हवेच असतील तर हबच्या आत तीन गिअर असलेला प्रकार शोधा.

रिमा घ्यायला जाताना जुना मागचा हब बरोबर न्या आणि त्याची भोकं दुकानात मोजून दाखवा. ४० भरली तर ४०चीच रिम मागा. ३६ची पुढे करतील, "चार आऱ्यांनी काय होतं" म्हणतील. घेऊ नका, ती त्या हबवर नीट विणता येत नाही.