फॅन्टसी हॉकी प्रश्नोत्तरे: ल्यूक शेनसारखा बचावपटू कधी घ्यावा, कधी सोडावा

फॅन्टसी हॉकी म्हणजे खऱ्या आइस हॉकीपटूंचा आपला कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे. या वेळचे बहुतेक प्रश्न ल्यूक शेनबद्दल आहेत. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या 2008 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणे) टोरंटोने पाचव्या क्रमांकावर घेतलेला हा बचावपटू (डिफेन्समन) पुढे फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, अनाहाइम, व्हँकुव्हर, टँपा बे, नॅशव्हिल असा फिरत राहिला, टँपाकडून 2020 आणि 2021 चे स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला आणि एनएचएलमध्ये 1000 सामने पार केले. गोल-असिस्टच्या (असिस्ट म्हणजे गोलला दिलेला पास) यादीत त्याला शोधू नका. त्याची खरी कमाई हिटची, म्हणजे पक (खेळातली चकती) असलेल्या प्रतिस्पर्ध्याला अंगाने दिलेल्या धडकेची.

आमच्या लीगमध्ये गोलला 2, असिस्टला 1 आणि हिटला 0.1 गुण आहेत. शेनला ड्राफ्टमध्ये घ्यावं का? – ब्रॅम्प्टन

नको. 2022-23 हा त्याचा उत्तम हंगाम धरा: 70 सामने, 318 हिट, 22 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून). तुमच्या हिशेबाने ते 318 हिट म्हणजे जेमतेम 31.8 गुण. पॉवर प्लेवर (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) खेळणारा मध्यम दर्जाचा डिफेन्समन तेवढे गुण नुसत्या असिस्टवर मिळवतो. हिटला 0.5 असते तर त्याच 318 हिटचे 159 गुण झाले असते आणि मी त्याला शेवटच्या दोन फेऱ्यांत बिनधास्त घ्यायला सांगितलं असतं. तेव्हा खेळाडूचं नाव नंतर, आधी लीगचा गुणतक्ता उघडा.

आमची लीग कॅटेगरीची आहे (गोल, हिट अशी प्रत्येक बाब दर आठवड्याला वेगळी जिंकायची). हिटमध्ये दर आठवड्याला 8-10 ने हरतो. एक शेन पुरेल का? – न्यू जर्सी

पुरेल, पण वार बघून घेतलात तर.

318 हिट 70 सामन्यांत म्हणजे सामन्याला साधारण साडेचार. तुमच्या चौथ्या डिफेन्समनचा सरासरी एक हिट असेल, तर तीन सामन्यांत फरक पडतो साडेदहाचा. तुमची तूट साधारण तेवढीच आहे.

घोळ होतो तो वेळापत्रकात. एनएचएलचे सामने मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी गर्दीने असतात. त्या दिवशी तुमच्या डिफेन्सच्या चारही जागा आधीच भरलेल्या असतात, शेन बेंचवर बसतो आणि त्याचे हिट वाया जातात. म्हणून आठवड्यात त्याचे सामने किती हे मोजू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवारी किती ते मोजा. असे दोन असतील तर रविवारी रात्रीच त्याला उचला, आठवडा संपला की सोडून द्या. नुसतं प्लस-मायनसकडे (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) लक्ष असू द्या. ती कॅटेगरी अटीतटीची असेल आणि शनिवारपर्यंत हिट जिंकलेले असतील, तर रविवारी त्याला बेंचवर बसवा.

आणखी एक: हिट मोजतात ते यजमान मैदानावरचे आकडेवाले, आणि काही मैदानांवर ते हात सैल सोडून मोजतात. खेळाडूचे घरचे आणि बाहेरचे हिट वेगवेगळे काढून पाहा. फरक मोठा दिसला, तर बाहेरच्या दौऱ्याच्या आठवड्यात घेऊ नका.

सकाळी उठून पाहतो तर आपला डिफेन्समन खेळलेलाच नसतो! – पुणे

संघ सामन्याला सहसा सहाच डिफेन्समन उतरवतो, तीन जोड्यांत. तिसऱ्या जोडीतला माणूस कधीही सातवा ठरून बाहेर बसतो, दुखापत नसतानाही. पूर्वेकडच्या शहरांत संध्याकाळी 7 चा सामना आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे 4:30 ला आणि नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत 5:30 ला सुरू होतो. सकाळच्या सरावातल्या जोड्यांची बातमी आपल्या रात्री 9 ते 11 च्या दरम्यान येते; ती बघूनच झोपा. नक्की चित्र कळतं ते सामन्याच्या अर्धा तास आधी सुरू होणाऱ्या वॉर्म-अपला, आणि तेव्हा तुम्ही झोपेत असता.

यावर एक साधा उपाय: दोन सारखेच डिफेन्समन मोकळे असतील तर पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाचा घ्या. व्हँकुव्हरचा संध्याकाळी 7 चा सामना थंडीत आपल्या सकाळी 8:30 ला असतो. चहा घेता घेता 8 ला वॉर्म-अपची खबर पाहता येते आणि जागा बदलायला वेळ मिळतो. अर्थात तुमच्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडू स्वतःच्या सामन्याच्या वेळी लॉक होत असेल (त्यानंतर बदलता येत नाही), तरच.

ट्रेड झाल्यावर असा खेळाडू ठेवावा का? – मिसिसागा

लगेच सोडून द्या, मग लांबून बघा. मार्च 2025 मध्ये शेन नॅशव्हिलहून पिट्सबर्गला आणि दोनच दिवसांत तिथून विनिपेगला गेला. अशा दिवसांत आठवड्याचा संघ आधीच लॉक करणाऱ्या लीगमध्ये त्याचे सामने हातचे जातात. शिवाय कपसाठी झुंजणारा संघ असा माणूस बऱ्याचदा राखीव म्हणून घेतो.

नव्या संघाकडून पहिले पाच सामने होऊ द्या आणि दोनच आकडे पाहा. बर्फावरची मिनिटं 15 च्या वर आहेत का, आणि हिट सामन्याला 3 च्या वर आहेत का. हिट लागतो तो पक प्रतिस्पर्ध्याकडे असताना. पक स्वतःकडे राखून खेळणाऱ्या संघात गेला, तर तोच खेळाडू तेवढ्याच मिनिटांत कमी हिट देतो, आणि चूक त्याची नसते.

कीपर लीगमध्ये (काही खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखता येतात) शेनला पुढच्या वर्षासाठी ठेवावं का? – पुणे

नाही. त्याचा जन्म नोव्हेंबर 1989 चा, आणि हिट देणारे डिफेन्समन दर ऑक्टोबरात, हंगाम सुरू होताना, फुकट मिळतात. 2023-24 मध्ये नॅशव्हिलच्या जेरेमी लॉझॉनने 383 हिट करून तेव्हाचा विक्रम केला. त्या हंगामाआधी किती जणांनी त्याला राखून ठेवलं होतं ते आपल्या लीगच्या जुन्या नोंदीत पाहा. कीपरची जागा पॉवर प्लेवरच्या तरुणाला द्या.