देवमासा खोडला, पूर्वज तसाच राहिला

एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे: "लेकीने सातवीच्या प्रकल्पात वाक्य लिहिलं होतं, 'देवमाशाचा पूर्वज इंडोह्यस हा जम्मू-काश्मीरमध्ये जमिनीवर राहत होता व नंतर तो पाण्यात परत गेला.' बाईंनी 'देवमाशाचा' खोडून 'व्हेलचा' केलं आणि समासात लिहिलं, 'हा मासा नाही.' देवमासा हा शब्द खरंच चूक आहे का?"

बाईंनी समासात लिहिलं आणि गंमत म्हणजे प्रश्नही समासाचाच आहे. देवमासा हा सामासिक शब्द आहे. त्यातलं उत्तरपद 'मासा' आहे म्हणून तो प्राणी मासा असलाच पाहिजे, असा आग्रह धरला तर अर्ध्या प्राणिसंग्रहालयाच्या पाट्या उतरवाव्या लागतील. खवलेमांजर मांजर नाही. नीलगाय गाय नाही, ते कुरंगांपैकी एक जनावर आहे. शहामृग तर हरीण सोडाच, चतुष्पादही नाही. त्यातला 'मृग' म्हणजे पक्षी या अर्थाच्या फारसी 'मुर्ग'ला आपण घातलेलं संस्कृत धोतर आहे. आणि पाणघोडा घोडा नाही. हे शेवटचं उदाहरण जरा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

एखादं नाव रुळलं की ते व्याख्या उरत नाही, खूण होते. देवमासा पिल्लाला दूध पाजतो, फुप्फुसांनी श्वास घेतो, हे ठाऊक असलेला माणूसही 'देवमासा' म्हणताना अडखळत नाही. बरं, 'व्हेल' केल्याने मासा जातो का? किनाऱ्यावरच्या बातम्या वाचा: 'व्हेल माशाची उलटी जप्त'. देव गेला, मासा राहिला! (ती उलटीही धड उलटी नव्हे. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. पण तो वेगळा खटला.) उलट, नावात 'व्हेल' मिरवणारा व्हेल शार्क मात्र अस्सल मासा आहे, तोही जगातला सर्वांत मोठा.

आणि जिभेवर खरा ताबा असतो तो असा: मत्स्यशेतीवाले माशाच्या पोरांना मत्स्यबीज, बोटुकली म्हणतात. देवमाशाची बोटुकली कुणी ऐकली आहे? त्याचं पिल्लूच असतं. म्हणजे 'मासा' म्हणूनही मराठी माणूस त्याला माशात मोजत नाही.

शास्त्रज्ञांची लॅटिन-ग्रीक नावं तरी कुठे सोवळी आहेत? १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांनी अमेरिकेत सापडलेल्या अवाढव्य मणक्यांवरून एका प्राण्याला बॅसिलोसॉरस, म्हणजे 'राजसरडा', असं नाव दिलं. त्यांना तो सरपटणारा प्राणी वाटला होता. पुढे रिचर्ड ओवेन यांनी दात तपासले. दाढांना दोन-दोन मुळं होती, म्हणजे हा सस्तन, देवमाशांच्या घराण्यातला. त्यांनी झ्युग्लोडॉन हे नवं नाव सुचवलं. पण प्राण्यांच्या नामकरणात आधी दिलेलं नाव टिकतं, असा नियम आहे. म्हणून तो देवमासा आजही सरडाच म्हणवला जातो आणि कुणी लाल शाई चालवत नाही. खुद्द इंडोह्यसचा अर्थ काय, तर 'भारतीय डुक्कर'. तो डुक्कर नव्हता. आणि १९९४ मध्ये पाकिस्तानातल्या एका जीवाश्माचं जे नाव ठेवलं गेलं, ॲम्ब्युलोसीटस नॅटन्स, त्याचा शब्दशः अर्थ 'चालणारा, पोहणारा देवमासा' असा होतो. तेव्हा 'चालणारा देवमासा' हा वदतोव्याघात नाही, ती पंडितांनी बारशाला दिलेली पदवी आहे.

तर देवमासा निर्दोष. त्या वाक्यात खोडण्यासारखा शब्द दुसराच होता, आणि तो बाईंच्या नजरेतून सुटला: 'पूर्वज'.

इंडोह्यसची हकिगत ऐकण्यासारखी आहे. राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटच्या खडकांतून ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी दात-जबड्यांचे तुकडे मिळवले आणि १९७१ मध्ये त्या प्राण्याला हे नाव दिलं. आणलेले बरेच दगड फोडायचे राहूनच गेले. राव वारल्यानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकांकडे सोपवले. दगडातून कवटी मोकळी करताना साहाय्यकाच्या हातून कानाजवळचं हाड चुकून मोडलं. कानामागे वाटीसारखं एक हाड असतं. मोडलेल्या वाटीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा कितीतरी जाड निघाली. अशी जाड कड तोवर फक्त देवमाशांच्या, डॉल्फिनांच्या कुळात ठाऊक होती. मोडलं ते बरंच झालं म्हणायचं. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात रुरकीच्या सुनील बाजपेयींचाही वाटा होता.

प्राणी केवढा? आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणाची आठवण व्हावी एवढा. पायाला खूर. पण पायांची हाडं आतून भरीव आणि जड, पाणघोड्याची असतात तशी. उथळ पाण्यात तळाला पाय टेकून चालायला ती उपयोगी. पिसोरीचा एक आफ्रिकन भाऊबंद संकटाची चाहूल लागली की पाण्यात बुडी मारून बसतो. इंडोह्यसचंही असंच काही चालत असावं, असा संशोधकांचा तर्क आहे.

आता तारखा बघा. कालाकोटचा इंडोह्यस सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. पाकिस्तानात सापडलेला पाकिसीटस, ज्याला चार पाय असूनही देवमाशांतच गणतात, तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा. नातू आधी जन्मला आणि आजोबा मागून, असं कुठल्या वंशावळीत असतं? इंडोह्यस देवमाशाचा पूर्वज नव्हे, तो भावकीतला. दोघांचा मूळपुरुष एक, पुढे वाटण्या वेगळ्या. हिंदी मराठीची आई नसून चुलतबहीण आहे, तसंच हे. इंग्रजी लेखांतल्या 'नातलग' या अर्थाच्या शब्दासाठी आपण सरसकट 'पूर्वज' ठोकून देतो आणि भावकीचा पितर होतो. मराठीत भावकी, भाऊबंद, चुलत घराणं असे नेमके शब्द पडून आहेत. पाकिसीटस, ॲम्ब्युलोसीटस यांच्यासाठी मी 'आद्य देवमासे' म्हणेन. त्यात ते आधीचे आहेत एवढंच कळतं; आजचे देवमासे थेट त्यांच्याच पोटचे, असा दावा होत नाही.

आणि आता पाणघोडा. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या आद्य देवमाशांची घोट्याची हाडं प्रसिद्ध झाली. त्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारख्या खाचा होत्या. अशी दुहेरी कप्पी गाय, हरीण, उंट, डुक्कर अशा समखुरी प्राण्यांचं खास लक्षण. म्हणजे देवमासे समखुऱ्यांच्याच कुळातले, हे रक्ता-पेशींतल्या पुराव्यावरून आधीच म्हटलं जात होतं, ते हाडांनीही सांगितलं. आणि रक्ता-पेशींच्या पुराव्यानुसार हयात प्राण्यांत देवमाशाला सर्वांत जवळचा पाणघोडा. मासा नसलेला मासा आणि घोडा नसलेला घोडा, एकाच भावकीतले!

उरला 'परत गेला'. बोलताना आपण 'परत सांग' म्हणतो तेव्हा 'पुन्हा सांग' असंच म्हणायचं असतं. त्याला माझी हरकत नाही, मीही तसंच बोलते. पण इथे तो फरक महत्त्वाचा आहे. 'परत' म्हणजे आलेल्या वाटेने माघारी. माशांच्या कुळातून चार पायांचे प्राणी जमिनीकडे येऊ लागले ते ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. देवमाशांचं घराणं पाण्याकडे वळलं ते ५ कोटी वर्षांपूर्वी. मधल्या काळात अंगात जे जे आलं ते घेऊनच ते पाण्यात गेलं. कल्ले पुन्हा फुटले नाहीत. श्वासासाठी आजही वर यावं लागतं. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली, कारण त्याचा कणा धावणाऱ्या जनावराचा आहे. तेव्हा 'पुन्हा पाण्यात गेले' चालेल, 'पाण्याकडे वळले' उत्तम. 'परत'ने माघार घेतल्यासारखं वाटतं. आणि 'तो' नको. कुणी एक प्राणी सामान बांधून निघाला नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या गेल्या.

लेकीला हे वाक्य द्या: 'देवमाशांच्या भावकीतला इंडोह्यस जम्मू-काश्मीरमध्ये सापडला; त्याच मूळ कुळाची दुसरी शाखा हळूहळू पाण्याकडे वळली आणि तिच्यातून देवमासे झाले.' प्रकल्पाला आणखी एक भारतीय नाव हवं असेल तर कच्छिसीटस मिनिमस घ्या. कच्छमध्ये सापडलेला, आद्य देवमाशांतला अगदी लहान, २००० साली नाव मिळालेला. काही ठिकाणी 'इंडोहायस' असंही लिहिलेलं दिसेल. तो इंग्रजी उच्चार आहे. दोन्हींपैकी एक धरा, फक्त एकाच पानावर दोन्ही नकोत, नाहीतर बाई तेही खोडतील.