अल्पसंख्य, अल्पसंख्याक की अल्पसंख्यांक?

विचारणा दुहेरी आहे. अर्जात ‘अल्पसंख्यांक’ लिहायचे की ‘अल्पसंख्याक’? आणि धर्मावरून भेदभाव झाल्याची तक्रार करायला आधी अल्पसंख्याक असल्याचे दाखवावे लागते का?

‘अल्पसंख्यांक’ चूकच. ‘ज्याची संख्या अल्प आहे तो’ असा हा बहुव्रीही समास. नुसता समास ‘अल्पसंख्य’. त्याला ‘क’ लागला की ‘अल्पसंख्याक’. या ‘क’च्या आधीचा, म्हणजे ‘संख्या’तला, आ पाणिनीने (अष्टाध्यायी 7.4.15) विकल्पाने ऱ्हस्व होऊ दिला आहे, म्हणून हिंदीतले ‘अल्पसंख्यक’ही शुद्धच, मराठीत दीर्घ रूप रुळले, इतकेच. अनुस्वार दोन वाटांनी शिरतो. ‘दिनांक’, ‘क्रमांक’ यांच्या सवयीने ‘अंक’ ऐकू येतो, पण इथे अंकाचा काही संबंध नाही. दुसरी वाट सामान्यरूपाची: ‘अल्पसंख्याकांना’ मधला ‘का’वरचा अनुस्वार एक अक्षर आधीच पडतो. ‘अल्पसंख्यांना’ मात्र बरोबर, कारण ते ‘अल्पसंख्य’चे अनेकवचन. ‘अल्पमत’ वेगळे, ते सरकारचे किंवा न्यायपीठातल्या न्यायमूर्तींचे असते, समाजाचे नव्हे.

आता दुसरा भाग. समजुतीचा खरा घोटाळा इथे आहे.

भेदभावाविरुद्धच्या हक्काला अल्पसंख्याक असण्याची अट नाही. राज्यघटनेचे कलम 15 प्रत्येक नागरिकाला लागू आहे, कलम 14 आणि 25 तर प्रत्येक व्यक्तीला. ‘अल्पसंख्याक’ हा शब्द कामाला येतो तो मुख्यतः कलम 30 मध्ये, म्हणजे स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याच्या आणि चालवण्याच्या हक्कासाठी. भारत 1979 मध्ये ज्यात सामील झाला त्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही हीच विभागणी दिसते: कलम 26 सगळ्यांच्या समानतेचे, कलम 27 अल्पसंख्याकांच्या धर्म-भाषा-संस्कृतीचे. तेव्हा नोकरीत किंवा प्रवेशात धर्म आडवा आला, तर अर्जाचा जोर ‘आम्ही अल्पसंख्याक’ यावर देऊ नये. ‘धर्माच्या कारणावरून’ यावर द्यावा. कोणी, कोणत्या तारखेला, काय नाकारले आणि त्याच परिस्थितीत दुसऱ्या धर्माच्या माणसाला काय दिले, हे लिहावे. तुलना नसेल तर तक्रार लंगडी पडते.

अल्पसंख्याक कोण, याचे उत्तर एक नाही. 1992 च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यात निकष दिलेला नाही. केंद्र सरकार अधिसूचित करील, म्हणजे अधिकृतपणे जाहीर करील, तो समाज अल्पसंख्याक. 1993 मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी अधिसूचित झाले, जैन 2014 मध्ये. ज्यूंना महाराष्ट्राने 2016 मध्ये राज्यापुरता दर्जा दिला. उलट कलम 30 साठी सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये, टीएमए पै प्रकरणात, राज्य हे एकक मानले, धर्मालाही आणि भाषेलाही. त्यामुळे बेळगावचा मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक आहे आणि कोल्हापूरचा नाही. महाराष्ट्रातले बौद्ध धार्मिक अल्पसंख्याक असूनही अनुसूचित जातीत असू शकतात (1990 च्या दुरुस्तीपासून), म्हणून फॉर्मातला एक रकाना भरला की दुसरा आपोआप रद्द होत नाही.

अनेक तक्रारी जिथे अडतात ती जागा घराची. कलम 15(1) बांधते राज्यसंस्थेला. 15(2) खासगी व्यक्तींनाही लागते, पण दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांपुरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व एका धर्मापुरते ठेवले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालानुसार राज्यघटनेतला हक्क तिच्याविरुद्ध चालत नाही. ती संस्था अहमदाबादमधली पारशी लोकांची होती. म्हणजे दार बंद ठेवणारे इथे अल्पसंख्याकच होते. निकाल पटो न पटो, अर्ज लिहिताना तो धरूनच चालावे लागते.

अल्पसंख्याक आयोग कागद मागवू शकतो, साक्षीला बोलावू शकतो, पण शेवटी शिफारसच करतो. बंधनकारक आदेश हवा असेल तर कलम 226 खाली उच्च न्यायालय. मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर प्रकार घडल्यापासून एक वर्षाच्या आत. मुदत टळली की आयोग चौकशी करू शकत नाही.