अंगठी 'बनवली', 'घडवली' का 'जडवली'?

दारव्ह्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पुतणीच्या साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी ऑर्डर देऊन करून घेतली, डिझाईन पोरीनंच मोबाईलवर पाहून ठरवलं, मग घरच्या ग्रुपवर "अंगठी बनवली" असं टाकलं तर मामाजी म्हणाले "बनवली काय, घडवली म्हणा", आणि जाऊबाईंचं म्हणणं की हिऱ्याचा दागिना जडवतात. मग बरोबर कोणतं? कोंदण म्हणजेच कुंदन का? आणि बिलावर कॅरेट दोनदा का लिहिलंय?

ताई, तिन्ही शब्द बरोबर आहेत पण ते एका कामाचे नाहीत. हिऱ्याला पैलू पाडतात, दागिना घडवतात आणि घडवलेल्या दागिन्यात हिरा जडवतात किंवा बसवतात. ही तीन कामं तीन वेगळी माणसं करतात, बरेचदा तीन वेगळ्या गावी, आणि मराठीनं प्रत्येकाला स्वतःचं क्रियापद दिलंय हे मला फार आवडतं. पूर्ण अंगठीबद्दल बोलायचं तर मामाजींचा शब्द घ्या, "घडवली". "बनवली" चूक नाही, पण बनवण्यात पोहेही येतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजूनही "लग्नात एकदाणी घडोली" असंच म्हणतात, आणि सोनाराच्या मजुरीला घडणावळ म्हणतात ती यातूनच आली.

आता यात एक बारकी गंमत आहे. घडवणं म्हणजे मुळात ठोकून आकार देणं, सोन्याची लगड ऐरणीवर ठोकायची, पत्रा काढायचा, तार ओढायची, तुकडे जुळवून टाकणखार लावायचा आणि फुंकणीनं डाग द्यायचा, म्हणजे तापवून सांधा जोडायचा. पण तुमच्या पुतणीसारखी ऑर्डरची हिऱ्याची अंगठी आजकाल बहुतेक अशी होत नाही. आधी कागदावर नाहीतर थेट कॉम्प्युटरवर तिचं चित्र काढतात, बोटाचं माप, हिऱ्याची रुंदी, पट्टीची जाडी सगळं मिलिमीटरमध्ये, मग थ्रीडी प्रिंटरवर तीच अंगठी मेणाची नाहीतर मेणासारख्या रेझिनची निघते. ती हातात घेऊन बोटात घालूनसुद्धा पाहता येते, आणि बदल करायचा तर इथंच करायचा, नंतर महाग पडतो. तिचं वजन केलं की सोनं किती लागेल तेही कळतं, मेणाच्या वजनाच्या साधारण 15 ते 16 पट 18 कॅरेटचं सोनं. मग अशा बऱ्याच मेणाच्या अंगठ्या एका दांड्याला झाडाच्या फांद्यांसारख्या चिकटवतात, भोवती प्लास्टरसारखा लगदा ओततात, तो सुकला की भट्टीत तापवतात, मेण जळून जातं आणि आत अंगठीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत मुशीतलं वितळलेलं सोनं. आपल्या शेजारच्या बस्तरातल्या ढोकरा मूर्ती याच तत्त्वावर होतात, तिथं मातीचा साचा आणि पितळ असतं एवढाच फरक, म्हणजे पद्धत काही परकी नाही.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर ही अंगठी घडीव नाही, ओतीव आहे. लोखंडाच्या बाबतीत हा फरक आपण पाळतो, घडीव लोखंड वेगळं आणि ओतीव वेगळं. तरी "अंगठी ओतली" असं कोणी म्हणू नये असं माझं मत आहे, कारण ओतल्यानंतर कानस मारणं, घासणं, डाग देणं, पॉलिश हे सगळं हातानंच होतं आणि "घडवणे" हा शब्द आता त्या पूर्ण मेहनतीला लागतो. माणूस घडवतो म्हणतो तेव्हा कुठं हातोडी असते?

जडवण्याचं काम मात्र मुद्दाम बसून पाहण्यासारखं आहे. कारागीर भिंगाखाली बारक्या ड्रिलनं हिऱ्याएवढीच खोबण करतो, टोकाला मेण लावलेल्या काडीनं हिरा उचलून त्यात ठेवतो, आणि मग सोन्याची चार किंवा सहा बारीक नखं एकेक करून हिऱ्यावर दाबतो, समोरासमोरची आधी म्हणजे हिरा तिरपा होत नाही. झाल्यावर वरून कापूस फिरवतात, तंतू अडकला की समजायचं नख उठलंय. घरीही ही तपासणी करता येते, आणि कापूस काय आपल्याकडे विकत आणायला नको. नख उठलेलं दिसलं तर अंगठी काढून ठेवा आणि सोनाराला दाखवा, कारण हिरा पडतो तो बहुतेक असाच पडतो.

पैलूंबद्दल थोडं. हिऱ्याला हिराच घासतो, फिरत्या चकतीवर हिऱ्याचीच पूड लावून, आणि हे काम आपल्या देशात मुख्यतः सुरतेला चालतं. अंगठीत नेहमी दिसणाऱ्या गोल हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात, म्हणजे आपला "अष्टपैलू" त्याच्यापुढं फारच मागं राहिला! आणि हिरा म्हटलं की सुरत, मुंबई एवढंच डोळ्यापुढं येतं, पण गडचिरोली जिल्ह्यातल्या आपल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. प्राकृतात वज्राचं "वइर" होतं, वज्र म्हणजे हिरा, आणि गावाच्या नावाचा संबंध त्याच्याशी लावतात.

कोंदण आणि कुंदन. मराठीत कोंदण म्हणजे रत्न ज्यात बसतं ती सोन्याची जागा, ते घर, मग ते कोणत्याही पद्धतीचं असो. दुकानात "कुंदन" म्हणून दाखवतात ती एक विशिष्ट पद्धत आहे, जयपूर-बिकानेरकडची, तिच्यात शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती दाबून दाबून बसवतात, नखं नसतातच. तेव्हा तुमच्या अंगठीला कोंदण आहे पण ती कुंदनची नाही. "हिऱ्याला सुंदर कोंदण केलंय" हे वाक्य तुम्ही बिनधास्त लिहा, कारागिराचं खरं कौतुक त्यातच आहे.

राहिलं बिलावरचं कॅरेट. "18 कॅरेट" ही सोन्याची शुद्धता, 24 भागांपैकी 18 भाग सोनं, म्हणून आतल्या बाजूला 750 चा हॉलमार्क असतो. "0.30 कॅरेट" हे हिऱ्याचं वजन, एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, म्हणजे तुमचा हिरा 60 मिलिग्रॅमचा, ज्याला बाजारात 30 सेंटचा म्हणतात. आणि 22 चं का नाही दिलं म्हणून सोनारावर रागावू नका, 22 कॅरेट नरम पडतं, त्याची बारीक नखं लवकर वाकतात, म्हणून हिऱ्याला बहुतेक 18 किंवा 14 चंच सोनं वापरतात.