मॅगझिन काढल्यावरही पिस्तुलातून गोळी कशी सुटते?

मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरलेला कप्पा, काढला तरी चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाशी, डागायला तयार असलेली) गोळी तिथेच राहते, म्हणून. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा, बोटानेही चाचपायचा. हाच क्रम उलटा झाला, तर पुढे जाणारी स्लाइड मॅगझिनमधली नवी गोळी आत ढकलते, आणि आपण मात्र पिस्तूल रिकामं समजून निर्धास्त! ग्लॉकसारखी पिस्तुलं साफसफाईसाठी खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो. तिथे ही चूक हमखास अंगाशी येते. ‘आपोआप सुटली’ हे मला सहसा पटत नाही. यंत्रात बिघाड असू शकतो, पण बहुधा बोट ट्रिगरवर असतं. आणि हो, पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलण्याच्या धडपडीत बोट नेमकं ट्रिगरवर पडतं.