डोळे मिटले की धडधड वाढते, मग हे माझ्यासाठी नाही का?

प्रश्न : ताई, माझं वय 43. हिशेब तपासणीचं काम करते. दीड वर्षापासून रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि एकेक सुरू होतं. पाठवलेल्या मेलमधला आकडा चुकला तर नसेल? आई फोनवर इतकी का खोकत होती? डॉक्टरांनी चिंताविकार असल्याचं सांगून एसिटालोप्राम ही गोळी सुरू केली. चार महिने झाले, फरक आहे, पण पूर्ण नाही. त्यांनीच माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्याचं, प्रशिक्षण सुचवलं. मी आधी मोबाइलवरच्या ॲपवर दहा दिवस करून पाहिलं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडकल्यासारखा वाटतो, छाती धडधडायला लागते. अकराव्या दिवशी सोडून दिलं. मला हे जमणारच नाही का? आणि जमलं, तर गोळी बंद करता येईल का?

उत्तर : आधी गोळीचं बोलू, कारण त्यात चूक झाली तर त्रास तुम्हाला होईल. आपल्या मनाने बंद करू नका. एकाएकी थांबवली तर गरगरणं, झोप उडणं, जीव घाबरणं असं होऊ शकतं आणि मग आजारच उलटला असं वाटतं. कमी करायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू उतरवतील. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. धडधडीचं मूळ कधीकधी तिथे असतं.

आता त्या दहा दिवसांबद्दल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझंही असंच झालं होतं. मी हा अभ्यास शिकायला गेले तेव्हा तिसऱ्या आठवड्यात आम्ही जमिनीवर आडवे पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सावकाश लक्ष फिरवत होतो. गळ्याशी आले आणि तिथेच अडकले. आवळल्यासारखं झालं, आता उठून पळावं असं वाटलं. बाईंना हळूच सांगितलं. ‘शांत व्हा’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “आवळतंय म्हणजे नेमकं कुठे? डावीकडे जास्त की उजवीकडे? गिळल्यावर काय होतं?” मी पाहायला लागले. रुपयाएवढी जागा होती, डाव्या बाजूला, गिळलं की क्षणभर सैल होणारी. ती गेली नाही. पण ‘मला काहीतरी होतंय’ या भीतीची बघता बघता ‘इथे, एवढंसं, ताणलेलं’ अशी एक संवेदना झाली. पळायची गरज उरली नाही.

माझ्या मते हे प्रशिक्षण म्हणजे एवढंच, आणि एवढं पुष्कळ आहे. मन रिकामं करायचं नाही, शांत करायचं नाही. तुम्ही बहुधा शांत व्हायला बसलात, आणि दर दोन मिनिटांनी ‘झाले का शांत?’ म्हणून तपासत राहिलात. चिंतेच्या माणसाला तपासायची सवयच असते. मन चिंती ते वैरी न चिंती! रात्री तीनला विचार येतो, छाती धडधडते, धडधड जाणवली की मन म्हणतं, ‘बघ, नक्कीच काहीतरी चुकलंय.’ तुम्ही उठून मेल उघडत असाल. आकडा बरोबर निघतो, पाच मिनिटं बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो. दुसऱ्या रात्री तो पुन्हा उठवतो. विचार आला आणि मेल उघडला, या दोहोंच्या मध्ये थोडी जागा करायला हा अभ्यास शिकवतो.

हे मी माझ्या अनुभवावरच सांगत नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी. आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस आणि घरी रोज जवळपास 45 मिनिटं सराव. त्यापुढे ॲपवरचे दहा दिवस म्हणजे उंबरठासुद्धा नव्हे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंताविकाराच्या 276 प्रौढांपैकी काहींना हा अभ्यासक्रम दिला, बाकीच्यांना तुम्ही घेता तीच गोळी. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांतली चिंता जवळपास सारखीच उतरली होती. दुष्परिणामांमुळे गोळीच्या गटातल्या सुमारे 8 टक्के लोकांनी अभ्यास सोडला, प्रशिक्षणाच्या गटातून त्या कारणाने कुणीच गेलं नाही.

पण यातून ‘गोळीची गरज नाही’ असा अर्थ काढू नका. तिथे एकाऐवजी दुसरं अशी तुलना होती. तुमच्यासारखं गोळी चालू असताना जोडीला प्रशिक्षण दिलं तर काय होतं, हे त्यात तपासलंच नव्हतं. 2014 साली 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होते असं दिसलं. व्यायाम किंवा इतर उपचारांहून ते सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. तेव्हा आशा ठेवा, चमत्काराची वाट पाहू नका.

तुम्ही श्वास सध्या बाजूला ठेवा. ज्यांची चिंता छातीत उतरते त्यांच्यासाठी श्वास ही सुरुवातीची चांगली जागा नाही, आणि ॲपला ते कळत नाही. डोळे उघडे ठेवा, खुर्चीत बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. टाच कुठे टेकते, अंगठ्यावर किती भार आहे, जमीन गार आहे का, ते पाहा. मन मेलकडे जाईल. ‘काळजी चाललीय’ असं मनात म्हणा आणि परत तळव्यांपाशी या. शंभरदा गेलं तर शंभरदा या. परत येणं हाच सराव. तीन मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा, तेही दिवसाउजेडी. रात्री तीनला पहिल्यांदा करून पाहू नका. पोहायला पुरात शिकत नाहीत. आठ-दहा दिवसांनी रात्री जाग आली की पलंगाच्या कडेला बसून हेच करा आणि फोन दुसऱ्या खोलीत असू द्या.

मग वर्ग शोधा. शिकवणाऱ्यांना दोन गोष्टी जरूर विचारा : प्रवेशाआधी आजाराची माहिती घेता का, आणि वर्गात कुणाचा जीव घाबरला तर काय करता? ‘असं कधी होतच नाही’ हे उत्तर मला पटत नाही. ‘गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्यांकडे तर जाऊच नका.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी अपघात झाला. डोळे मिटले की त्याला तो क्षण दिसतो, गाडीत बसायलाही तो टाळतो. त्याला या वर्गाला पाठवू का?

उत्तर : आत्ता नको. अशा आघातानंतर नुसतं स्थिर बसून आत पाहिलं तर ते दृश्य अधिक जोराने उसळू शकतं. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आघातासाठी वेगळी, खात्रीची थेरपी असते आणि टाळाटाळीवरही त्यात काम होतं. तोवर त्याच्याबरोबर रोज चालायला जा. चालताना पायाखाली काय लागतंय, कुठला आवाज येतोय, एवढं एकमेकांना सांगत राहा. त्याला अपघाताबद्दल बोलावंसं वाटलं तर ऐका, पण विषय तुम्ही काढू नका.