तुझ्या अहवालाचं सहावं पान

सोलापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी आठ पानं मिळाली. दोन दिवसांत तीनदा वाचली. वर्षभरातल्या सहली, क्षेत्रभेटी, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, युवा महोत्सव, वक्तृत्व, सगळं ओळीनं मांडलं आहेस. अक्षर सुरेख आहे. पण पहिल्या पाच पानांत मला तू कुठे सापडली नाहीस. "सहलीमुळे ज्ञानात भर पडली", "एकीचं बळ समजलं", "वेळेचं महत्त्व कळलं" ही वाक्यं तू घरी बसूनही लिहू शकली असतीस. ती लिहायची आम्हीच शिकवली, त्यामुळे त्याचा दोष तुला देत नाही.

मग सहाव्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आली. "हत्तरसंग कुडलला दगडावरची अक्षरं दिसत नव्हती, मग टॉर्च समोरून न धरता बाजूनं धरली आणि दिसली."

इथे मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. एवढ्या एका ओळीसाठी हे पत्र लिहायला घेतलं आहे.

समोरून उजेड मारला की दगड सगळा एकसारखा उजळतो. उजेड तिरपा आला की कोरलेल्या खाचेच्या एका कडेला सावली पडते, आणि ती सावलीच आपल्याला अक्षर म्हणून दिसते. शिलालेख वाचणारी माणसं हेच करतात. काही जण तर सकाळी किंवा संध्याकाळी ऊन कलतं तेव्हाच दगडापुढे जाऊन उभे राहतात. हे तुला कुणी सांगितलं होतं की हात आपसूक वळला, ते लिहिलं नाहीस. आपसूक वळला असेल तर तो क्षण पानभर लिहायला हवा होता. टॉर्च कुणाची होती? पहिलं अक्षर कोणतं लागलं? बाजूला कोण उभं होतं?

भीमा-सीनेच्या संगमावरचं ते संगमेश्वराचं देऊळ. तिथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. तारीख कोरलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. शेवटची ओळ तू टिपून आणलीस, "वाछि तो विजेया होऐवा". वाचील तो विजयी होईल. पण टिपून थांबलीस. आपण 'वाचतो' म्हणतो, तिथे 'छ' का? 'होऐवा' हे रूप पुढे कुठे गेलं? तू मराठीची विद्यार्थिनी आहेस, हे प्रश्न तुझेच आहेत. उत्तर लगेच मिळायला हवं असं नाही. प्रश्न मात्र त्याच संध्याकाळी वहीत उतरायला हवा, कारण सकाळपर्यंत तो विरून जातो.

आणि हा लेख उजेडात आणणारे आनंद कुंभार आपल्या सोलापूरचे. विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. वीज मंडळातली नोकरी सांभाळून त्यांनी जिल्ह्यातले शिलालेख शोधले, वाचले. 'अभ्यासेतर उपक्रम' हा शब्द ऐकला की मला ते आठवतात. त्या तुळईखालून किती पिढ्या दर्शन घेऊन गेल्या असतील! वर बघणारा माणूस निराळा निघाला.

आता जरा अवघड गोष्ट लिहितो. रागावू नकोस.

चादर कारखान्याच्या भेटीवर तू सव्वा पान लिहिलंस. त्यात "कामगारांचे अपार कष्ट पाहून मन हेलावले" असं आहे. मुली, तुझे वडील यंत्रमाग चालवतात. पूर्व भागात तुमचं घर, घरात तेलुगू बोलता, आईबरोबर कांड्या भरत तू मोठी झालीस. हे मला ठाऊक आहे. तुझ्या सव्वा पानात त्याची एक खूणही नाही. इतर मुलामुलींनी त्या खटखटाटात कानांत बोटं घातली असतील. तू घातली नसशील. उभा ताणा कोणता, आडवा बाणा कोणता, बाणा ओवणारा धोटा अडकला की कारागिराचा हात आधी कुठे जातो, हे दाखवणाऱ्या माणसाच्या आधी तुला माहीत होतं. तरी तू पाहुण्यासारखी उभी राहिलीस आणि पाहुण्यासारखंच लिहिलंस.

का, ते मला कळतं. माझे वडील मिलमध्ये बदली कामगार होते. भोंग्याच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर आत घ्यायचे, नाहीतर डबा तसाच घेऊन परत यायचे. आठवीत असताना शाळेची सहल त्याच मिलला निघाली. वर्गापुढे ते मला दिसतील, किंवा फाटकाबाहेर उभे दिसतील, या धास्तीनं मी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो. पुढे ती मिल बंद पडली. आता तिथे आत काही उरलेलं नाही. वडील ज्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले तो मी कधी पाहिला नाही, आणि आता पाहता येणार नाही. ही गोष्ट मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

म्हणून तुला मनापासून सांगतो, ते सव्वा पान फाड आणि पुन्हा लिही. मागावर नक्षी उमटवणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांची जी माळ लटकते ना, तिथून सुरुवात कर. बाण्याच्या एका धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो, भोक नसेल तिथला खाली राहतो. एवढ्या 'आहे' आणि 'नाही'वर चादरीवरचा मोर उमटतो. फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास ही जुळणी केली. पुढे इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची हीच कल्पना घेतली. संगणकाच्या तासाला हे शिकवतात, पण भोकाच्या पुठ्ठ्याचं फक्त चित्र दाखवतात. तुझ्या वर्गात तो पुठ्ठा हातात धरलेली बहुधा तू एकटी होतीस.

सहली कशा असाव्यात हे तू विचारलंस. मी शिक्षक झाल्यावर पहिली मोठी सहल काढली ती एका दिवसात नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट अशी. पालकांना वाटलं, पैसे वसूल झाले. नळदुर्गला पाणीमहालापाशी एक मुलगा कठड्याला टेकून बोरी नदीचं पाणी त्या भिंतीवरून कसं पडतं ते बघत होता. मी तीनदा शिट्टी वाजवली. तो आला आणि बसमध्ये खिडकीशी गप्प बसला. मी त्याला विचारलंसुद्धा नाही की काय बघत होतास. त्या शिट्टीचं मला आजही वाईट वाटतं. नंतर नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो तेव्हा दिवसभरात दुसरं काही ठेवलं नाही. दोन तास गवतात गप्प बसलो. माळढोक काही दिसला नाही, काळविटांचा कळप दिसला. आणि ज्याला आपण पडीक म्हणतो त्या माळावर किती काय जगतं, ते मुलांनी स्वतः मोजलं.

तेव्हा सहल कुणीही काढो, कितीही ठिकाणांची असो, त्यातलं एक ठिकाण तू तुझं म्हणून धर. तिथे बाकीच्यांपेक्षा दहा मिनिटं जास्त थांब. फोटो नंतर काढ. आधी पेन्सिलनं चित्र काढ, वाकडंतिकडं आलं तरी चालेल. चित्र काढताना खांबाला आठ बाजू आहेत की सोळा, हे मोजावंच लागतं.

हंपीच्या सहलीची वर्गणी यंदा भरता येणार नाही असं तू लिहिलंस आणि पुढे "तरी हरकत नाही" असंही. हरकत आहे, मला माहीत आहे. पण त्यासाठी वडिलांना उचल घ्यायला लावू नकोस. भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीसांचं घर आता स्मारक आहे. १९३८ साली चीनला गेलेला हा आपल्या गावचा डॉक्टर १९४२ मध्ये तिकडेच वारला, वय अवघं ३२. हुतात्मा चौकातले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. चार नावं, आणि गावातल्या किती निरनिराळ्या घरांतली! या ठिकाणांवरून तू रोज सिटी बसनं जातेस. एकदा उतर.

उपक्रमांचं थोडक्यात सांगतो. फाइलमध्ये अकरा प्रमाणपत्रं झाली म्हणतेस. त्यातलं वक्तृत्व सोडलंस तरी चालेल. पाठ केलेली भाषणं तुझ्या तोंडी शोभत नाहीत. समूहनृत्य आवडतं म्हणून कर. भित्तिपत्रक मात्र सोडू नकोस. त्याला प्रमाणपत्र नाही, कौतुकही फारसं नाही, पण दर पंधरवड्याला दुसऱ्याचा मजकूर तपासताना तुझं मराठी नीट होत चाललं आहे. या आठ पानांतही ते दिसतं.

शिबिराबद्दल एक काम सांगतो. सात दिवसांत तुम्ही नऊ शोषखड्डे केलेत, फोटो आले, टाळ्या झाल्या. सहा महिन्यांनी त्या गावात पुन्हा जा. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, आणि गाळ अडवायची सोय नसेल तर खड्डा तुंबतो. किती चालू आहेत, किती तुंबलेत, लोकांनी कुठला बुजवला आणि का, हे घरोघर विचारून लिहून आण. सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास तुझे केव्हाच भरलेत. ही फेरी त्या हिशोबात धरली जाणार नाही, तरी जा. दोघीतिघी मिळून जा, एसटीत मुलींना अर्धंच तिकीट आहे.

दादा विचारतो, हे करून नोकरी मिळते का. प्रमाणपत्रानं मिळत नाही, हे दादाचं खरं आहे, त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला ती नऊ खड्ड्यांची वही दाखव. आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत भित्तिपत्रक सोडून सगळं बंद ठेव, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो.

आता मला पुन्हा आठ पानं नकोत. चादर कारखान्याचं एक पान पाठव. जेकार्डच्या प्रत्येक भागाला वडील काय म्हणतात ते त्यांना विचार. आधी त्यांच्या तोंडच्या तेलुगू शब्दांत लिही, मग मराठीत. एखाद्या शब्दाला मराठी सापडली नाही तर तो तसाच राहू दे.

परीक्षा झाली की कुडलला परत जाऊ. वडिलांना सुट्टी असेल तो दिवस धर आणि त्यांनाही घेऊन ये. टॉर्च मी आणतो, बाजूनं धरायची कशी ते तू त्यांना दाखव.

तुझा,
सर